धर्मकथांतील स्त्रिया आणि दोषाची दोन मापे

रामायण-महाभारतातल्या माणसांविषयी भारतीय श्रोता कधी तटस्थ राहिलेला नाही. कीर्तनात, पारावर, नाट्यगृहात आणि अलीकडे दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहताना तो त्यांचा न्यायनिवाडा करत आला आहे. हा निवाडा केवळ वाङ्मयीन आवडीनिवडीचा नसतो. या व्यक्तिरेखा पूजल्या जातात, त्यांच्या नावाने व्रते होतात, मुलांची नावे ठेवताना त्यांची आठवण काढली किंवा टाळली जाते, घरातल्या भांडणात त्यांचे दाखले दिले जातात. त्यामुळे द्रौपदीला किंवा कैकेयीला जे माप लावले जाते, तेच हयात बायकांनाही लागते. हे माप पुरुष पात्रांना लावलेल्या मापाहून वेगळे आहे का, असल्यास कशाच्या आधारावर, आणि तो आधार धर्मविचारात टिकतो का, असा हा प्रश्न आहे.

रामायण सीतेमुळे घडले आणि महाभारत द्रौपदीमुळे, हे वाक्य महाराष्ट्रात सहज ऐकू येते. एक संस्कृत सुभाषित त्याही पुढे जाऊन प्रत्येक युगातल्या संहाराचे खापर एकेका स्त्रीच्या माथी फोडते: रेणुका, जानकी, द्रौपदी, आणि कलियुगात घरोघरची बाई. यात सीतेचे अपहरण झाले होते आणि द्रौपदीला तिच्या नवऱ्याने पणाला लावले होते, हा तपशील गळून पडतो. अन्याय जिच्यावर झाला, तिलाच त्याचे कारण ठरवले जाते.

रेणुकेची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. वनपर्वानुसार जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहून तिचे मन क्षणभर विचलित झाले. तेवढ्यावरून जमदग्नीने मुलांना तिचा वध करायला सांगितले. चौघांनी आईवर हात उचलला नाही. त्यांना बापाचा शाप मिळाला. पाचव्याने, परशुरामाने, कुऱ्हाड चालवली आणि नंतर वर मागून आईला जिवंत करवून घेतले. परंपरेने परशुरामाला पितृभक्तीचा आदर्श मानले, जमदग्नीच्या क्रोधाला तपस्व्याचे तेज मानले. ज्या चौघांनी नकार दिला त्यांची नावे फारशी कोणाला आठवत नाहीत. माहूरला रेणुकेची पूजा होते, ती जगदंबा आहे, तरी तिच्या कथेतला मुख्य दोष अजूनही तिच्या त्या एका क्षणाचाच समजला जातो.

लोकस्मृती नुसता निवाडा देत नाही, ती पुरावाही बदलते. राजसूय यज्ञानंतर मयसभेत दुर्योधनाची फजिती झाली तेव्हा द्रौपदी हसली आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे म्हणाली, म्हणून पुढचे सगळे घडले, अशी जवळजवळ प्रत्येकाची समजूत आहे. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात आलेल्या महाभारत मालिकेनंतर ती अधिकच पक्की झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात देशभरची हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या सभापर्वात हे वाक्य नाही. तिथे निवेदक सांगतो ते असे: पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला पाहून सेवक हसले, राजाज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे दिली गेली, आणि त्याची ती अवस्था पाहून भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव हसले. द्रौपदीचे नाव या प्रसंगात नाही. ते येते नंतर, दुर्योधन हस्तिनापुरात बापाजवळ गाऱ्हाणे मांडतो तेव्हा. त्याच्या तोंडी कृष्ण आणि अर्जुन हसले, द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली, असे आहे. म्हणजे पाच-सहा हसणाऱ्यांतून एकीला निवडले गेले, तेही तिच्या शत्रूच्या साक्षीवरून, आणि मग तिच्या तोंडी न बोललेले वाक्य घातले गेले. भीम हसला, त्याचा पुरावा ग्रंथात आहे. भीमाच्या हसण्यामुळे महाभारत घडले असे मात्र कोणी म्हणत नाही.

स्वयंवराच्या प्रसंगाचेही असेच आहे. सूतपुत्राला वरणार नाही असे म्हणून द्रौपदीने कर्णाचा अपमान केला, हा कर्णाच्या चाहत्यांचा तिच्यावरचा सर्वांत मोठा आरोप. काही पाठांत ते वाक्य आहे, पण चिकित्सक आवृत्तीने ते मूळ संहितेत ठेवलेले नाही. उलट तिथे जमलेले ब्राह्मण म्हणतात की कर्ण-शल्यांसारख्या नामांकितांना जे धनुष्य वाकवता आले नाही, ते या पोराला काय झेपणार. आणि समजा तिने नकार दिलाच असेल, तर ज्या समारंभाचे नावच स्वयंवर आहे तिथे कन्येने नकार देणे हा अपराध कसा ठरतो?

इथे एक जोडी नीट पाहण्यासारखी आहे. रामाने गरोदर सीतेचा त्याग केला, हा भाग उत्तरकांडात येतो. उत्तरकांड नंतरचे आहे, असे मानायला भाषेची आणि रचनेची स्वतंत्र कारणे आहेत आणि अनेक अभ्यासक तसे मानतात. पण भाविक वाचक त्या कारणांपर्यंत जात नाही. रामाकडून असे होणे शक्य नाही, म्हणून ते प्रक्षिप्त, असा त्याचा युक्तिवाद असतो. पुरुषाचा दोष दूर करण्यासाठी अख्खे कांड बाजूला काढले जाते, आणि स्त्रीला दोष देण्यासाठी संहितेत नसलेले वाक्य आत आणले जाते.

द्यूतसभेत तर दोन्ही मापे एकाच छताखाली, एकाच दिवशी लागतात. युधिष्ठिराने राज्य, भाऊ आणि स्वतःला हरल्यावर, शकुनीने सुचवल्यावरून, द्रौपदीला पणाला लावले. पण लावताना त्याने तिच्या रूपगुणांचे वर्णन केले. द्यूताचे आव्हान नाकारायचे नाही हे क्षत्रियाचे व्रत, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि त्याची ‘धर्मराज’ ही पदवी अबाधित राहते. द्रौपदीने सभेकडे परत पाठवलेला प्रश्न कायद्याचा होता: त्याने आधी स्वतःला हरवले की मला? जो स्वतःचाच उरला नाही, तो दुसऱ्याला पणाला कसा लावतो? भीष्मांना उत्तर देता आले नाही. धर्म सूक्ष्म आहे, एवढेच ते म्हणाले. कौरवांतल्या एकट्या विकर्णाने तिची बाजू घेतली. कर्णाने त्याला गप्प केले, द्रौपदीला कुलटा म्हटले आणि तिची वस्त्रे काढून घ्यायला सांगितले.

या कर्णावर मराठी वाचकाने जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणा पात्रावर केले असेल. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि तिने एका पिढीला कर्णमय करून टाकले. रणजित देसाईंच्या ‘राधेय’ने त्यात भर घातली. कर्णाविषयीची करुणा खोटी नाही. जन्माने मिळालेली हीनता, नाकारलेली ओळख, दिलेल्या शब्दाला जागणे, हे सगळे ग्रंथात आहे. पण सभेतल्या त्याच्या शब्दांचा विषय निघाला की त्या वेदनेचा हवाला दिला जातो: अपमानाने पोळलेला माणूस होता, मित्राच्या ऋणात होता, क्षण वाईट होता. एखादे कृत्य समजून घेण्यासाठी माणसाचे सगळे आयुष्य लक्षात घ्यावे, ही चांगली रीत आहे. मग रजस्वला, एकवस्त्रा असताना केसांना धरून ओढत आणलेल्या स्त्रीच्या पुढच्या रागालाही ती लागू व्हायला हवी. ती होत नाही. तिच्या बाबतीत लगेच ‘सूडबुद्धी’ हा शब्द येतो, आणि भीमाने केले ती मात्र प्रतिज्ञा. ‘मृत्युंजय’मध्ये कथा सांगणारी पात्रे सहा आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. ज्या स्त्रीशी कर्णाचा सर्वांत गंभीर नैतिक संबंध येतो, तिला त्यात आवाज नाही. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाजवळ पश्चात्ताप व्यक्त करतो. तोही पांडवांना बोललेल्या कडू शब्दांबद्दल आहे.

द्रौपदीच्या दयेची गोष्ट भागवतात आहे. झोपेत असलेल्या तिच्या पाच मुलांना मारणारा अश्वत्थामा बांधून पुढे आणला जातो, तेव्हा ती म्हणते की याला सोडा, मी रडते तशी याची आई रडू नये. भागवत घराघरात वाचले जाते, सप्ताह होतात, तरीही द्रौपदीची ओळख म्हणून ही गोष्ट सांगितली जात नाही.

तिचा शेवटचा निवाडा ग्रंथानेच दिलेला आहे. महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालय चढत असताना सर्वांत आधी द्रौपदी कोसळते. भीम कारण विचारतो. युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता सांगतो की तिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता, त्याचे हे फळ. पाच नवऱ्यांवर समान प्रेम करणे हे तिचे कर्तव्य, आणि त्यात मनाने थोडी कसूर झाली. मनाने, कृतीने नव्हे. पाच पती तिने मागितले नव्हते. ते तिच्यावर लादले गेले होते. अर्जुन उलूपीजवळ राहिला, चित्रांगदेशी त्याने विवाह केला, सुभद्रेला पळवून आणले. युधिष्ठिरासह इतर चौघांच्याही आणखी बायका होत्या. त्यांपैकी कोणीही कोणत्या बायकोकडे झुकत होता म्हणून वाटेत कोसळत नाही. नकुल रूपाच्या गर्वाने पडतो, सहदेव ज्ञानाच्या, अर्जुन पराक्रमाच्या, भीम खादाडपणा आणि बढाईने. पुरुषांचे दोष त्यांच्या गुणांच्या अतिरेकातून येतात. स्त्रीचा दोष तिच्या निष्ठेच्या मोजमापातून येतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये हा प्रसंग घेतला आणि पडलेल्या द्रौपदीजवळ भीमाला थांबवून ठेवले. भीमाचे प्रेम तिला शेवटी उमगते. मूळ कथेत तिच्याजवळ कोणी थांबत नाही.

ही विषमता काव्यशास्त्रातही मुरलेली आहे. संस्कृत साहित्यशास्त्र प्रेमकथेतील नायकाचे चार प्रकार करते: एकीवरच प्रेम करणारा अनुकूल, अनेकींवर सारखे प्रेम करणारा दक्षिण, लपूनछपून फसवणारा शठ आणि फसवूनही निर्लज्ज राहणारा धृष्ट. चौघेही नायकच. नायिकेचे पहिले वर्गीकरण मात्र ती कोणाची आहे यावरून होते: स्वकीया, परकीया, सामान्या. पुरुषाचा पक्षपात हा स्वभावविशेष आहे, तर स्त्रीची पहिली ओळखच मालकीची आहे. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत लाडक्या संगीत नाटकांपैकी ‘सौभद्र’ १८८२ साली आले. त्यात अर्जुन यतिवेष घेऊन सुभद्रा मिळवतो आणि प्रेक्षक आजही त्या लबाडीवर खूश होतात. आदिपर्वात मात्र अर्जुन नव्या बायकोसह घरी येतो तेव्हा द्रौपदी त्याला टोचून बोलते, की नवी गाठ बसली की आधीची सैल होतेच. तिच्या या वाक्याची आठवण नाटकाच्या आनंदात कोणाला होत नाही. मराठी लोकपरंपरेत ‘जांभूळ आख्यान’ आहे, विठ्ठल उमप यांनी ते गाजवले. त्यात द्रौपदीला आपल्या मनातली कर्णाविषयीची ओढ कबूल करावी लागते. लोककलावंताने तिच्या मनाला जागा दिली हे खरे, आणि त्यात मोठी माणुसकी आहे. तरी ज्या मनाची झडती घेतली जाते, ते मन स्त्रीचेच आहे.

कुंतीचा प्रसंग सर्वांत बोलका आहे, म्हणून तो सविस्तर पाहायला हवा. दुर्वासाची सेवा करणाऱ्या मुलीला मंत्र मिळाला. कुतूहलाने तिने सूर्याला बोलावले आणि तो आल्यावर परत जाण्याची विनवणी केली. वनपर्व सांगते की सूर्याने तिला धमकावले: रिकाम्या हाताने गेलो तर तुझ्या बापाला आणि मंत्र देणाऱ्या ब्राह्मणाला शाप देईन. त्या भीतीतून कर्ण झाला आणि लोकलाजेने तिने त्याला पेटीत घालून अश्वनदीत सोडले. कर्णाच्या चाहत्यांच्या दरबारात इथे एकच आरोपी उभा असतो. सूर्याला विचारले जात नाही. हा सूर्य मुलाला विसरला होता असेही नाही. इंद्र कवचकुंडले मागायला येणार म्हणून त्याने कर्णाला स्वप्नात येऊन सावध केले, आणि त्या भेटीतही आपण बाप आहोत हे सांगितले नाही.

युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देताना, कुंती मुलांना सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर शोकाने वेडापिसा होतो. त्या शोकात, शांतिपर्वाच्या आरंभी, तो शाप देतो की यापुढे जगातल्या कोणत्याही स्त्रीला गुपित राखता येणार नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही, या घराघरातल्या शेऱ्याचे धार्मिक मूळ म्हणून हीच गोष्ट सांगितली जाते. पण हे गुपित कोणाकोणाला माहीत होते? कृष्णाला माहीत होते. त्याने युद्धापूर्वी ते कर्णाला सांगितले आणि पांडवांना सांगितले नाही. भीष्मांना माहीत होते. शरशय्येवर ते कर्णाला म्हणतात की नारदाकडून आणि व्यासांकडून मला हे कळले होते. म्हणजे नारद आणि व्यासांनाही माहीत होते. खुद्द कर्णाला माहीत होते, आणि त्याने कृष्णाला विनवले होते की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कळले तर तो राज्य घेणार नाही. इतके पुरुष एकच गुपित राखून होते. त्यांपैकी कोणी एकाने जरी तोंड उघडले असते तर भावाने भावाला मारले नसते. कृष्णाचे मौन ही राजनीती, भीष्मांचे मौन हे गांभीर्य, कर्णाचे मौन हे औदार्य. कुंतीचे मौन मात्र अपराध, आणि त्याची शिक्षा तिला नव्हे, तर जगातल्या सर्व स्त्रियांना. पुरुषाचे कृत्य त्या पुरुषाचेच राहते. स्त्रीचे कृत्य स्त्रीजातीच्या खात्यावर चढते. दुटप्पीपणाची सगळी यंत्रणा या एका शापात उघडी पडते. शिवाय कुंतीने गुपित फार काळ राखले, हा तिचा दोष होता. शाप मिळाला तो राखता न येण्याचा.

कैकेयीला परंपरेत जवळजवळ वकीलच नाही. तिच्या नावाने मुलीचे नाव ठेवलेले कोणी ऐकले नसेल. तरीही वाल्मीकि रामायणातच दोन गोष्टी आहेत. अयोध्याकांडात राम स्वतः चित्रकूटावर भरताला सांगतो की तुझ्या आईशी विवाह करताना आपल्या वडिलांनी तुझ्या आजोबांना राज्याचे वचन दिले होते. आणि अभिषेकाची घाई करताना दशरथ रामाला म्हणतो की भरत नगराबाहेर आहे तोवरच हा योग साधून घ्यावा. वचन मोडायला निघालेला राजा शोकात मरणारा प्रेमळ बाप म्हणून आठवतो. वचन मागणारी राणी दुष्टतेचे दुसरे नाव होते. अध्यात्म रामायणाने तिला वेगळ्या वाटेने सोडवले: देवांच्या सांगण्यावरून सरस्वती आधी मंथरेत आणि मग कैकेयीत शिरली, म्हणून हे घडले. ही सोडवणूक दयाळू दिसते, पण तिची किंमत मोठी आहे. कैकेयी निर्दोष ठरते ती तिच्याकडे स्वतःची बुद्धी उरत नाही म्हणून.

अहल्येचेही हेच झाले. वाल्मीकींच्या बालकांडात ती गौतमाच्या वेषातल्या इंद्राला ओळखते आणि तरी संमती देते. तिची शिक्षा म्हणजे अदृश्य होऊन, वायू भक्षण करत, राखेत पडून तप करणे. नंतरच्या कथांत ती फसवली गेलेली आणि दगड झालेली आहे. कीर्तनांतून मराठी मनात रुजली ती हीच दगड झालेली अहल्या. तिला क्षमा करण्यासाठी आधी तिची इच्छा पुसून टाकावी लागली. जिने जाणूनबुजून चूक केली आणि मग तपाने ती ओलांडली, अशी स्त्री पूज्य असू शकते, हे मूळ कथेला पेलले, नंतरच्या श्रोत्यांना पेलले नाही. शापाने गमावलेले इंद्राचे अंग मेंढ्याच्या अंगाने भरून निघाले आणि तो देवांचा राजा राहिला.

या सगळ्यावर परंपरेच्या बाजूने एक गंभीर उत्तर आहे आणि ते टाळता येणार नाही. धर्म दोन प्रकारचा: सत्य, अहिंसा, अस्तेय हा सर्वांना समान असा साधारण धर्म, आणि वर्ण, आश्रम, स्त्री-पुरुष यांनुसार बदलणारा विशेष धर्म. राजाचे कर्तव्य वेगळे, संन्याशाचे वेगळे, पत्नीचे वेगळे. मग मापे वेगळी असणे हा दुटप्पीपणा कसा? मुद्दा मान्य केला तरी तो पुरेसा नाही. विशेष धर्म दोघांनाही बांधतो. पत्नीने पतीशी निष्ठा राखावी असे सांगणारे शास्त्रच पतीने पत्नीचे भरणपोषण आणि रक्षण करावे असेही सांगते. युधिष्ठिराने द्यूतसभेत जो धर्म मोडला तो कोणा परक्याचा नाही, त्याचाच पतिधर्म आहे. त्याच्या स्वतःच्या मापाने त्याला मोजले तरी द्रौपदीच्या मानसिक पक्षपातापेक्षा ही कसूर मोठी ठरते. म्हणजे अडचण वेगळ्या मापांची नाही. पुरुषाचे माप वेगळे असूनही ते काढलेच जात नाही, ही अडचण आहे.

दुसरे असे की ‘धर्म सूक्ष्म आहे’ हे महाभारताचे सर्वांत मौल्यवान सूत्र निवड करून वापरले जाते. वालीला झाडाआडून मारले, द्रोणाला अर्धसत्याने पाडले, चाक रुतलेल्या कर्णावर बाण सोडला, या प्रत्येक कृत्यावर शतकानुशतके वाद झाले, समर्थने रचली गेली. वालीने तर मरताना रामाला जाब विचारला आणि रामाने सविस्तर उत्तर दिले. ही चर्चा भारतीय नीतिविचाराची संपत्ती आहे. कैकेयी, कुंती, शूर्पणखा यांच्यासाठी सूक्ष्मतेचा हा दरवाजा बंद असतो. त्यांच्या बाबतीत धर्म एकाएकी अगदी ठळक आणि सोपा होतो.

याचे तात्त्विक कारण स्वभावाच्या कल्पनेत आहे. पुरुष चुकला तर परिस्थिती शोधली जाते, स्त्री चुकली तर तिचा स्वभाव सिद्ध झाला असे मानले जाते. मनुस्मृतीचा नववा अध्याय चंचलपणा आणि निष्ठाहीनता स्त्रीच्या स्वभावातच घालतो. अनुशासनपर्वात भीष्म नारद आणि पंचचूडा अप्सरेचा संवाद सांगतात, त्यात स्त्रिया सर्व दोषांचे मूळ असल्याची कबुली खुद्द एका स्त्रीच्या तोंडून वदवली आहे. एकदा दोष स्वभावात घातला की पुराव्याची गरज संपते. न घडलेले हसणेही खरे वाटते, कारण ती तशीच असणार हे आधी ठरलेले असते.

पण याच परंपरेत याचे खंडनही आहे, आणि ते आधुनिक काळातून आणलेले नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत स्त्रीप्रशंसेचा स्वतंत्र अध्याय लिहिला. वैराग्याच्या नावाखाली स्त्रियांचे दोष मोजणाऱ्यांना तो सरळ विचारतो की स्त्रीचा असा कोणता दोष आहे जो पुरुषाने केलेला नाही. व्यभिचार दोघांचाही सारखाच दोष असल्याचे शास्त्र सांगते, पण पुरुष ते मनावर घेत नाहीत, हेही तो नोंदवतो. शांतिपर्वातली सुलभा याहून खोल जाते. ती एकटी फिरणारी भिक्षुकी. राज्य करत असतानाच मुक्त झाल्याचा दावा करणाऱ्या जनकाची परीक्षा घ्यायला ती येते. जनक लगेच तिच्या वागण्यावर, कुळावर, ती कोणाची कोण यावर बोट ठेवतो. सुलभेचे उत्तर असे की तू खरोखर मुक्त असशील तर ‘ही कोण, कोणाची’ हा प्रश्न तुला पडलाच नसता. आत्म्याला लिंग नाही असे मानणारा माणूस समोरच्या स्त्रीला स्त्री म्हणून दोषी ठरवत असेल, तर त्याचे अद्वैत अजून शब्दांतच आहे. महाभारतकाराने तिच्यानंतर जनकाला एकही वाक्य दिलेले नाही.

मराठीत हा प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला ताराबाई शिंदे यांनी. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१ साली नवजात बाळाच्या हत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली गेली. वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर झोड उठली. तेव्हा १८८२ साली, ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली गेली. बुलढाण्याच्या या बाईंनी वर्तमानपत्रांबरोबर पुराणकथांनाही जाब विचारला: जे दोष स्त्रियांचे म्हणून सांगता ते पुरुषांत दुप्पट नाहीत का, आणि सावित्रीसारखा बायकोसाठी यमापर्यंत गेलेला नवरा कोणी ऐकला आहे का. महात्मा फुले यांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी पुस्तक विस्मृतीत टाकले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले.

ताराबाईंच्या प्रश्नाला आदिपर्वात एक उत्तर सापडते. सर्पदंशाने मेलेल्या प्रमद्वरेला रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन परत आणले. अशी कथा आहे, तरी तिचे व्रत झाले नाही. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायका सावित्रीची कथा ऐकतात. रुरूची कथा ऐकून कोणी पुरुष उपास करत नाही. स्त्रीचा त्याग हा तिच्या जातीचा नियम झाला, पुरुषाचा त्याग एका पुरुषाची आगळी गोष्ट राहिली. दोषाच्या बाबतीत जे घडते तेच गुणाच्या बाबतीतही घडते: स्त्रीचा गुणही तिच्या एकटीचा राहत नाही, तो इतर सगळ्यांवरचे ओझे होतो.

समान माप लावले तर या स्त्रिया निर्दोष ठरतात असे मुळीच नाही. भरताच्या राज्यासाठी कैकेयीचा दावा न्याय्य मानला तरी रामाच्या चौदा वर्षांच्या वनवासाची त्यासाठी गरज नव्हती. ती तिची क्रूरता आहे आणि तिचीच आहे. कुंतीने कर्णाला सत्य सांगितले ते युद्धाच्या तोंडावर, पांडवांना वाचवायचे होते तेव्हा. ममतेत तिने हिशेब मिसळला, हा आरोप टिकतो. फक्त त्या आरोपपत्रात कैकेयीशेजारी दशरथाचे नाव लागते, आणि कुंतीशेजारी सूर्याचे, कृष्णाचे, भीष्मांचे, व्यासांचे आणि खुद्द कर्णाचेही.